एक सूत

रॉकेल आता मिळत नाही.
पंपावरच्या पोऱ्यानं बाटलीत डिझेल द्यायला कुरकुर केली.
म्हटलं, सायकलला हवंय.
हसला. दिलं.

सिडकोतली आमची गॅलरी अडीच फुटांची.
सायकल उलटी, सीट पोत्यावर,
मी पाटावर,
आणि श्रीखंडाच्या डब्यात चेन
वेटोळं घालून बसलेली.

जुना टूथब्रश घेतला.
जुनाच होता, असं मला वाटलं.

दिवाळीपासून हात लावला नव्हता.
आधी निघाली सातपूरची काळी,
लेथचा कीस मिसळलेली, उन्हात चमकणारी.
तिच्याखाली गिरणाऱ्याची तांबडी.
आणि मध्येच एका कडीवर निळसर काहीतरी.
त्या रविवारी द्राक्षबागेत ब्लोअर चालू होता,
मोरचुदाचा फवारा अंगावर घेत
मी आणि यास्मिन खिदळत सुटलो होतो उतारावरून.
तेवढी कडी राहू द्यावी, क्षणभर वाटलं.
नाही राहू दिली.

फ्रीव्हीलच्या चक्रांमधून
पिळलेली चिंधी ओढत राहिले,
लोण्याची रवी ओढावी तशी,
फक्त लोणी काळं.

मग सवय. कंपनीत दिवसभर मापंच घेते मी.
चेन खिळ्याला टांगली, स्टीलची पट्टी लावली.
चोवीस पिना, बारा इंच.
भरलं बारा आणि एक सूत.

लोक म्हणतात, चेन ताणली गेली.
लोखंड असं ताणत नसतं.
एकेक पिन आपापल्या भोकात
केसाच्याही अंशानं झिजते, कुणाला न सांगता,
आणि चोवीस जणींचं मिळून होतं
एक सूत.

इन्स्पेक्शनच्या कार्डावर लिहिलं असतं: रिजेक्ट.
इथे कार्ड नाही.
नवी चेन साडेसहाशे, फ्रीव्हील वेगळं,
आणि उद्या नणंदेचा साखरपुडा.
पुसली, वाळवली, चढवली,
एकेका पिनेवर एकेक थेंब तेल.
एकशे चौदा. मोजले.

पेडल हातानं फिरवून सोडलं
तर मागचं चाक बोललं,
पत्र्याच्या डब्यात मोहरी ओतावी तसं,
बारीक, एकसारखं.
बराच वेळ.

संध्याकाळी मेंदीवाली पोरगी
माझा हात उलटसुलट करून बघते.
"ताई, नखांत हे काय? जाणार नाही का?"
"चार दिवस तरी नाही."
ती काही न बोलता
काळ्या बोटांपर्यंत कोयरी आणते,
आणि आतून नवरा ओरडतो,
"माझा ब्रश कुठंय?"