शेऱ्याचा रकाना

सोमवारी साखर पेठेतल्या केंद्रात
मी पोरं तोलते.
काटा नवा आला तेव्हा पारडं नुसतं पितळेचं, गारठलेलं;
पहिलंच पोर टेकवलं
तर किंकाळी थेट कन्ना चौकापर्यंत.
तेव्हापासून आत चादरीचा तुकडा घालते,
मागावर बिघडलेला, कुणी फुकट दिलेला,
आणि पाव रत्तल वजा धरते.

पोशव्वाचा मल्लेशम मात्र रडला नाही.
पाचवा महिना. साडेआठ रत्तल.
मागल्या सोमवारीही साडेआठ.
पापणी उचलून पाहिली:
बुबुळात टाचणीच्या टोकाएवढा काळोख.

'किती देतेस?'
ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली,
तक्त्यात एक गुबगुबीत गोरं मूल दूध पितंय.
'सकाळच्या भोंग्याला एक,' म्हणाली,
'दुपारी सासू एक देते. आंधळी आहे ती.
जागा राहिला तर चुलीत जाईल, बाई.
धरणार कोण? तुमचा काटा?'

पुण्याहून छापील कागद येतात.
त्यात कारण दिलेलं असतं: मातांचे अज्ञान.
पोशव्वाला ठाऊक होतं सगळं.
गोळी कितीची, कुठल्या दुकानात ताजी,
आणि कांड्या भरताना छातीतून दूध गळतं
तेव्हा लुगडं कसं दुमडायचं.

मी म्हटलं, उद्यापासून इथं ठेव.
नियमात नाही. पाळण्यासाठी पैसे नाहीत.
औषधांच्या खोक्यात गोधडी घातली,
खोक्यावर लिहिलेलं होतं, काच, जपून.

गोळी एकदम तोडली नाही.
अर्धी केली, मग पाव,
मग मोहरीएवढी, नखावर घेऊन.
चौथ्या दिवशी पोर जागं झालं
आणि जे सुरू झालं ते दिवे लागेतो थांबेना.
डॉक्टरसाहेब दोनदा दारात येऊन गेले.
कंपाउंडर म्हणाला, एस्तेरबाई, हे इस्पितळ आहे.
माझ्या खांद्यावर ओकारी, कानात दडे,
आणि मी, काय सांगू, हसत होते.

रजिस्टरात वजनाचा रकाना आहे,
देवीच्या टोचणीचा आहे, बापाच्या धंद्याचा आहे.
शेऱ्याला बोटभर जागा.
तिथं लिहिलं: रडतो.

पुढल्या सोमवारी पोशव्वानं
आणखी दोघींना आणलं.
खोकं एकच होतं.