बहिरेपणाचा राक्षस : शॉट सत्तावीस

अठरा आजार, अठरा राक्षस.
अंबलनगोडला एदिरिसच्या भिंतीवर सगळे टांगलेले,
ओकारीचा, लंगडेपणाचा, हुडहुडीचा,
आणि कोपऱ्यात, गालावरून नाग उतरलेला
बहिरेपणाचा.
विनोलीनं बोट केलं ते त्याच्याकडेच.

तिचे वडील तीस वर्षं यंत्रमागावर.
आता घरात त्यांना कुणी हाक मारत नाही.
दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं
की समजायचं, जेवण वाढलंय.

बारा मिनिटांची फिल्म, आवाज तू कर, म्हणाली.
बहिऱ्याच्या फिल्मला आवाज कसला?
तेच तर, म्हणाली.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
कोलंबोहून आणलेला रबरी मुखवटा
दिव्यांखाली दुसऱ्याच दिवशी गालातून ओघळला,
राक्षस कसला,
लग्नात रुसलेला मामा.
मग एदिरिसनं कदुरूचा ओंडका मांडीत घेतला.
पैसे? नंतर द्या.
ते नंतर अजून यायचंय.

आदल्या रात्री नाचणारा डेंग्यूनं आडवा.
हा एकोणिसावा, कॅमेऱ्यामागून तिवंक म्हणाला.
कुणी हसलं नाही.
भाड्याचा जनरेटर केळीच्या बागेपलीकडे नेला
तरी माझ्या हेडफोनमध्ये खोकत होता,
त्यावर समुद्र, त्यावर गॉलची मालगाडी.

मी करतो, वडील म्हणाले.
चपला काढल्या.
ढोल त्यांना तळव्यांतून कळतो म्हणे.

पहाटे चार. मेमरी कार्ड शेवटचं.
जनरेटर एकदाचा मेला,
उरल्या मशाली.
ते नाचले. छान नाचले.
कट, विनोली ओरडली, हात हलवला.
लाकडी डोळ्यांच्या फटीतून हात दिसला नसावा.
ढोलकरी थांबला.
ते थांबले नाहीत.

धूळ, पैंजण, मुखवट्याच्या आत कोंडलेला श्वास.
तिवंकनं कॅमेरा बंद केला नाही, मीही काही.
किती वेळ, कार्डाला ठाऊक.
मग ती, ज्या घरात हाका बंद झाल्या त्या घरातली,
तात्ता, म्हणाली.
मग जोरात, तात्ता.

शीटवर मी लिहिलं :
सत्तावीस, टेक एक. मागे बाईचा आवाज. टाकाऊ.
तिनं शेवटचा शब्द खोडला
आणि पेन परत दिलं.