इतर

मी सुपडू. चिनावलचा. सुपडू साऊंड सर्व्हिस.
चार टॉप, चार बेस आणि एक मिक्सर,
तोही पोराच्या नावावर.
बावीस वर्षं लोकांचा आवाज मोठा करतो,
हळदीपासून दशक्रियेपर्यंत.

सावद्याला केळी महोत्सव होता.
निवेदकानं कागद डोळ्यांजवळ धरला:
"आता येत आहेत एमसी... इतर?"
लोक हसले.
मुबारक तडवी स्टेजवर चढला. हरिपुऱ्याकडचा पोरगा,
पांढऱ्या टीशर्टवर खांद्यापासून पोटापर्यंत
चिकाचे काळे डाग.
केळीचा चीक साबणाचं ऐकत नाही,
कपड्याबरोबरच मरतो.

दुपारी हॅलो हॅलो करताना विचारलं होतं,
हे काय नाव रे?
"टेम्पो उलटला ना काका, तेव्हा पेपरात आलं,
गाडीमालक कोण, केळी किती क्विंटल, नुकसान किती.
मग खाली: ठार, कासम तडवी व इतर चार.
त्या चारात माझी माय."
आणि लगेच,
"बेस जरा वाढवा."

पहिलं गाणं केळीच्या गोडीचं. सभापतींनी मान डोलावली.
दुसरं सुरू झालं
आणि माझ्या कानाशी कोणीतरी अदबीनं वाकलं:
"सुपडूभाऊ, माईक खराब झालाय वाटतं.
पुढच्या वर्षीही तुम्हालाच सांगायचंय."

फेडर खाली ओढायला जोर लागत नाही.
कळण्याच्या भाकरीवर तेल फिरवावं,
तेवढाच अंगठा.

मैदानातला त्याचा आवाज मिटला. बीट चालू.
त्याच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर
मी बंद केला नाही.
विसरलो म्हणा.
त्याला तो ऐकू येत होता,
मला हेडफोनमध्ये.
आणखी कोणालाच नाही.

*घड मोजले, ट्रक मोजले, मोजला तुमचा भाव,
काट्यावरती चढलं नाही माझ्या मायचं नाव.
दिल्लीपर्यंत पोचला माल, पाटीत, बर्फात, गार,
मालावरती बसलेले आम्ही, आम्ही इतर चार.*

पुढे त्यानं नावं घेतली.
चारी. हळूहळू. बीट सोडून.
वस्तीसकट, वयासकट.
एक सतरा वर्षांची होती.

माईक गेला म्हणून पोरांनी शिट्ट्या मारल्या.
त्याला वाटलं, पोचलं.
छातीवर हात ठेवून वाकला,
त्या डागांवरच.

खाली उतरून घाम पुसत सरळ माझ्याकडे:
"काका, बराबर गेला ना आवाज?"
मी म्हटलं, "गेला."
खोटं नव्हतं ते.
पाण्याची बाटली दिली. अर्धी प्याला, अर्धी परत केली.

रात्री वायरी गुंडाळताना बघितलं,
पेनड्राइव्ह मिक्सरलाच लागलेला.
आमचा मिक्सर फेडरच्या आधीचं टिपतो.
सगळं आहे त्यात.

उद्या फैजपूरला हळद.
पोरानं फोल्डर पाडून ठेवलेत:
हळद, वरात, कव्वाली, भीमगीतं,
आणि ज्याचं कुठेच बसत नाही त्यासाठी
सगळ्यात खाली एक.
इतक्या वर्षांत मी तो
एकदाही उघडला नव्हता.