क्रेट नंबर सतरा

आनंदवाडीच्या बर्फ फॅक्टरीच्या छपरावर
साबणाच्या डबीत एक बोर्ड बसवलाय मी,
बिस्किटाएवढा.
वारा मोजतो, बर्फखान्याचं तापमान मोजतो,
दर मिनिटाला एक पाकीट धाडतो कणकवलीच्या सर्व्हरला.
मेमरी त्याची एवढीशी,
माझ्या फोनमधल्या एका फोटोत
तसले वीस बोर्ड बुडतील.

अकरा दिवस चालायचा. बाराव्या रात्री मुका.
वर चढून बघावं तर दिवा लागलेला,
वायर शाबूत, खारं पाणी आत नाही,
आणि लॉगमधली शेवटची ओळ:
मोकळे अठरा हजार बाइट.
मागितले दीड हजार.
मिळाले नाहीत.

अठरातून दीड जात नाही?
रात्रभर मी वजाबाकी तपासत बसले.

पहाटे जेटीवर भिकाजी जुवाटकर
बांबूने होड्या रेटत होते, शिव्या देत.
बाहेर एक ट्रॉलर घरघरत उभा, आत शिरता येईना,
आणि आत बघावं तर
होडी, चार हात पाणी, होडी, दोन हात पाणी, पुन्हा होडी.
"जागा आसा गो," म्हणाले, "पण सलग नाय.
इले तशे लागले, गेले तशे गेले.
उरला ता सगळा तुकड्यातुकड्यांनी."

मी हातातला चहा तसाच ठेवला.

लिलावाच्या शेडमध्ये सुलभा खवळे
चाळीस क्रेट सांभाळते. निळे, एका मापाचे, नंबर घातलेले.
बांगड्याची रास असो की एकुलती सुरमई, क्रेट तोच.
अर्धा रिकामा गेला तर जाऊ दे म्हणते,
परत आला की कुणालाही चालतो.
चाळीस संपले की एकेचाळिसाव्याला सांगते, थांब.
कुणी ओरडतं, कुणाची मासळी उन्हात जाते.
शेड चालू राहते.

दुपारी मी मॅलॉक उपटून काढला.
बोर्ड जागा होताच एकदाच मागून घेतले बारा खण,
दीड-दीड हजाराचे.
वाऱ्याचे तीस बाइटही त्यात ऐसपैस लोळतात, लोळू देत.
पाकीट आलं, खण घे. गेलं, परत ठेव.
एकही रिकामा नसेल तर पाकीट सोडून दे.

ही ओळ लिहिताना हात अडला.
सोडायचं म्हणजे कुठल्या मिनिटाचा वारा?
त्या मिनिटाला बाहेर कोण असेल?

लिहिली.

तरी महिन्याभरात बाराचे अकरा झाले, मग दहा.
शोधलं तेव्हा कळलं:
पोच येईपर्यंत पाकीट खण धरून बसतं,
आणि टॉवर गेला की पोच येतच नाही.
पाकीट आपलं उभंच, दारात, क्रेट काखेत मारून.

सुलभाच्या वहीत सतरा नंबरापुढे
तीन वर्षांत टिक नाही.
"हरवला?"
"नाय गो. खंय आसा ता माका ठावक आसा.
लवू घेवन गेल्लो घराक. मगे वेरावळाक गेलो. फोन नाय.
आवशीन त्येच्यात अळू लायल्यान."
"मागून आण ना."
तिने वही मिटली. मी पुन्हा विचारलं नाही.

छपरावर जाऊन मी एक ओळ वाढवली:
नव्वद सेकंद वाट बघ, मग सोड.
आज सत्तरावा दिवस, बोर्ड बोलतोय.

खाली शेडमध्ये सुलभा क्रेट मोजते आहे मोठ्याने.
सोळा म्हणते,
सतरा म्हणते, जराशी थांबते,
अठरा.