पान एकशे अठरा

परत आलेली पुस्तकं तपासणं हे माझं काम.
चहाचे डाग, दुमडलेले कोपरे, एखादं बसचं तिकीट.
थंडर बेच्या या वाचनालयात नोव्हेंबर लागला
की लोक वाचायला कमी, ऊब घ्यायला जास्त येतात.
खिडकीतून दिसतात तळ्याकाठची धान्याची उंच कोठारं,
त्यातली कित्येक रिकामी.

हे पुस्तक किशोरांच्या फळीवरचं.
मुखपृष्ठावर पाठमोरी मुलगी,
(त्या फळीवर सगळ्या पाठमोऱ्याच असतात)
आत दारुडी आई, निघून गेलेला बाप,
आणि समासात पेन्सिल.

बारीक, टोकदार अक्षर. पान अकरा:
‘इतकं सलग कुणी बोलत नाही.
मधेच कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं.’
पान चौतीस: ‘बाटली फुटली, बरं.
काचा कुणी गोळा केल्या?’
पान बावन्न: ‘हिची आई रोज वाईट.
रोज वाईट असती तर सोपं होतं.
माझी गुरुवारी पॅनकेक करते, गुणगुणते,
आणि गुरुवारीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.’
विसाव्या प्रकरणात शाळेच्या समुपदेशक बाई येतात,
दोन वाक्यं बोलतात, गाठ सुटते.
बाजूला: ‘आमच्या बाई तीन शाळांत मिळून एक. फक्त मंगळवारी.’

नियम असा, की शाई असेल तर दंड,
पेन्सिल असेल तर खोडायची.
मी खोडत गेले.
रबराचा काळपट चुरा टेबलावर साठत गेला.

शेवटी बाप परत येतो, पायरीवर बसून रडतो,
तळ्यावर ऊन पडतं, सगळे एकमेकांना समजून घेतात.
तिथे तिने एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.
पेन्सिलीचं टोक फक्त इतकं दाबलं होतं
की मागच्या कोऱ्या पानालाही भोक.

राहिलं पान एकशे अठरा. ते मी आधी उलटून गेले होते.
मुलगी अंथरुणात पडून ऐकते,
गाडीचं दार किती जोरात लागतं ते,
आणि त्यावरून ठरवते
आज झोपेचं सोंग घ्यायचं की झोपायचं.
शेजारी एवढंच: ‘हो.’

एकसष्ट वर्षांची आहे मी.
माझे वडील कागद गिरणीची पाळी संपवून
रात्री साडेअकराला यायचे.
बर्फावर बूट सरळ पडतायत की फरफटतायत,
अजूनही वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची पावलं
मी तशीच मोजते.
हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.
लेखिकेला कुणी सांगितलं?
बाकीचं तिने टेबलाशी बसून रचलं असेल,
हे मात्र कुठल्यातरी अंथरुणातून
तसंच उचलून आणलेलं.

शनिवारी ती आली. टेरिन कोस्की.
दोन हातमोजे दोन रंगांचे, धाकटा भाऊ बोटाला धरून.
‘याचा दुसरा भाग आहे?’
इतक्या चुका काढल्यावर?
ते मी विचारलं नाही. नाही म्हटलं.
‘कसा असेल. सगळे सुधारले ना.’

पुस्तक अजून माझ्या टेबलावरच होतं.
तिने चाळलं, पान बरोबर सापडलं तिला.
‘सगळं खोडलंत. हे का ठेवलंत?’
‘खोडरबर संपला,’ मी म्हटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मग टेबलावरच्या खोडरबराकडे, जवळजवळ अख्ख्या.

‘आमच्या घरात तुम्ही
एक दिवस टिकला नसतात.’

भावाचं नाक आपल्या बाहीला पुसत तिने विचारलं,
‘मग असं एखादं आहे का,
ज्यात काचा कोण गोळा करतं ते लिहिलंय?’

आहे ना, म्हणत मी फळीपाशी गेले.
दिवे मालवायची वेळ झाली
तरी मी तिथेच होते,
आणि धाकटा गालिच्यावर झोपून गेला होता,
की तसं सोंग घेऊन पडला होता,
मला सांगता आलं नाही.