वरचा आकडा

अर्व्हिन गेल्यावर तळघरात उतरले
तर भिंतभर तबकड्या. अकराशे चाळीस.
मोजल्या मी. सवयच आहे,
एकतीस वर्षं लोकांच्या नाड्या मोजल्यात
डेट्रॉइटच्या पूर्वेकडच्या इस्पितळात, रात्रपाळीला.

बहुतेकींवर नाव नाही. कोरं पांढरं लेबल
आणि कडेला पेन्सिलीनं, त्याच्या किरट्या अक्षरात,
एक आकडा. १२८. १३१. १२६. १४०.
एकीवर १४५, खाली दोनदा रेघ.

मला वाटलं, रक्तदाब.
म्हटलं, बघा, लिहून ठेवत होता लेकाचा,
डॉक्टरला सांगायचं सोडून इथे लिहीत होता,
आणि तेही अर्धवट, नुसता वरचा.
खालचा कुठाय, अर्व्हिन?
पायरीवर बसून भांडले त्याच्याशी
बॉयलर चालू होईपर्यंत.

मार्चमध्ये एक गिऱ्हाईक आलं, थेट रॉटरडॅमहून. यूप.
बूट दारात काढून मोज्यांनी खाली उतरला.
तबकडी दोन तळव्यांत काठाकाठानं धरली,
भाजलेल्या माणसाला आम्ही धरतो तशी.
म्हणाला, मिनिटाला एवढे ठोके, बाई.
कुठलीनंतर कुठली लावायची, ते जुळवायला.

म्हणजे नाडीच.

दोनशे नेल्या त्यानं. पैसे चोख दिले.
छपराचं काम झालं.
आता पाऊस पडला की वर बघते
आणि गळत नाही याचाच राग येतो.

सकाळी आठला घरी येते, कोट तसाच,
एक काढते, ब्रशनं पुसते, सुई ठेवते.
आधी खरखर. मग थाप,
दर मात्रेवर सम पडल्यासारखी, हट्टी.
कुणी गात नाही. कुणी कुणाला सोडून जात नाही.
बराच वेळ काही होतच नाही,
आणि मग कुठूनतरी एक झांज उघडते
आणि वाटतं, खोलीत कुणी खिडकी लोटली.

ॲक्सलच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
प्रेसखाली उभा होता तो.
आई विचारायची, आठ तास हेच ऐकतोस,
घरी येऊन पुन्हा हेच?
झाडूच्या दांड्यानं वरून जमीन ठोकायची.
खालून तो ओरडायचा,
"आई, जरा मागे पडतेयस!"

एक तबकडी मात्र वाजेना.
तिच्यावर आकडा नव्हता.
काठाशी सुई ठेवली की टक्, टक्, टक्,
तिथल्या तिथे, पुढे सरकायचं नाव नाही.
खराब म्हणून बाजूला ठेवली. यूपनंही घेतली नव्हती,
किंवा मीच दाखवली नव्हती, आठवत नाही.

यंदा बर्फ उपसायला शेजारचा राफसान आला,
सतरा वर्षांचा, पाच डॉलर आणि कोको.
हात शेकत तबकडी उजेडात तिरकी धरली त्यानं,
म्हणाला, मिस व्हर्नेटा,
ही आतून सुरू होते.

लेबलाला खेटून सुई ठेवली.
आणि ती निघाली. उलटी. बाहेरच्या बाजूला.
दर फेऱ्याला वर्तुळ मोठं होत गेलं,
माझ्या भावानं एका शब्दानं कधी सांगितलं नव्हतं
की असंही असतं.

मनगटावर दोन बोटं ठेवली. बहात्तर.
तबकडीचे मोजले, घड्याळ लावून. एकशे तेहतीस.
पेन्सिल घेतली, मग ठेवून दिली.

कडेला पोचली की ती संपत नाही.
शेवटची खाच स्वतःला मिळालेली,
तेवढाच तुकडा, टक्, टक्, टक्,
कुणी उठून सुई उचलेपर्यंत.
राफसान घरी गेला. कोको गार झाला होता.
वर फोन वाजला, इस्पितळाचाच असणार,
कुणीतरी आजारी, येशील का आज लवकर.

वाजू दिला.
झाडू कोपऱ्यात होता.
उलटा धरून छताला दांडा लावला.
मागे पडले. पुन्हा मागे पडले.