हजेरी

एजन्सीच्या कार्डावर मी केअरटेकर, रात्रपाळी.
घरात मावशी.
शेजारीण दारातूनच विचारते, "ती खवण्याची बाई इली काय गो?"
शालन केरकर हे नाव
वेंगुर्ल्यात एकालाच लागायचं,
आणि त्याला तर स्वतःचंही आठवत नव्हतं.

अण्णा परुळेकर. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं हजेरी-कारकून.
कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली,
वही तेवढी डोक्यात उघडी राहिली.
रात्री अकराला डोळे उघडत:
"नाव?"
शालन केरकर.
"किती वाजता आलीस?"
सातला, अण्णा.
मग बोट चादरीवर सरकायचं,
शाईत बुडवल्यासारखं, सावकाश.

दर दोन तासांनी कूस बदलायची.
आधी खांदा, मग कंबर, मग पाय,
गुडघ्यांत उशी, पाठीला पावडर.
माणूस सुकत जातो तसा जड होतो
हे ट्रेनिंगात कुणी सांगितलं नव्हतं.
ट्रेनिंग तीन दिवसांचं, त्यातला एक
फॉर्म भरण्यात गेला.
मनगटाला मी जुन्या साडीची पट्टी बांधते,
ग्लोव्हज धुऊन मोरीतल्या तारेवर वाळत घालते.
महिन्याला एकच खोका.

कोपऱ्यात कॅमेरा.
मस्कतहून मुलगा बघतो.
एकदा अडीच वाजता फोन, "मावशी, डोळा लागला का?"
नाही म्हटलं, टेकायला जागा बघत होते.
खुर्ची पुढल्या महिन्यात आली, प्लास्टिकची.
एजन्सीनं मला फोन करून आभार मानायला लावले.

माझा कप खिडकीत, वेगळा, कान तुटलेला.
त्याचं आता काही वाटत नाही, असं म्हणणार होते.
वाटतं.

वहीत सगळं लिहायचं:
लघवी चारशे मिली, ताप नाही,
पेज अर्धी वाटी, गोळी नऊला.
शेवटचा रकाना, शेरा. तो कायम कोरा.
त्याच वेळी खवण्याला माझी सासू
एका कुशीवर पडलेली असते.
तिला वळवायला माझी पोरगी उठते, दहावीची.
तिची कुठे वही नाही.

सकाळी सातला, चप्पल घालताना, अण्णा पुन्हा:
"किती तास?"
बारा.
"आठ," ते ओरडायचे, "आठ! वरचे चार ओव्हरटाइम. दुप्पट.
सही कर. हक्काचं सोडू नकोस."
मी चादरीवर सही करायची. रोज.
साडेचारशेतले सव्वाशे एजन्सीचे,
बसचे वेगळे.
चादरीवरचे मात्र पुरते माझे.

कार्तिकातल्या एका रात्री, दोन चाळीसला,
बोट सरकलं नाही.
नाडी पाहिली, नाकाशी आरसा धरला, मग फोन केला.
अंग पुसलं, धोतर बदललं,
जबडा बांधला माझ्याच मनगटाच्या पट्टीनं,
दुसरं काही हाताशी नव्हतं.
मोबाईलच्या पडद्यावर मुलगा रडत होता.
मीही रडले असते,
पण कॅमेरा चालू होता.

एजन्सीवाला झोपेतच बोलला,
पेशंट एक्सपायर म्हणजे ड्यूटी तिथं संपली.
अर्धी रात्र धरू.

पहिली गाडी पावणेसहाची.
स्टँडवर एक दशावतारी, कुठल्याशा जत्रेतून परतलेला,
कानामागे रंग तसाच राहिलेला.
पेटाऱ्यावर डोकं टेकून विचारतो, "तुझी पण रात्र?"
मी मान हलवली.
पिशवीत पाण्याच्या बाटलीखाली वही निघाली,
चुकून आलेली.
दिव्याखाली उघडली आणि शेऱ्यात लिहिलं:
पेशंट गेले दोन चाळीस.
शालन केरकर आली सात, सुटली पावणेसहा.
ओव्हरटाइम पावणेतीन तास. दुप्पट.

खाली सही केली.
मंजुरीची जागा मोकळी ठेवली.
वही सोमवारी एजन्सीत द्यायची आहे.